न खेळता जिंकलेली मॅच

तळं आटलं तवा त्याच्या कोरड्या तळात फुटबॉल शिकलेली आमची पंचशीला इंडियाची गोलकीपर झाली अन् टीम आशिया कपात गेली. शिरूरच्या यष्टी स्टँडवर तिला घ्यायला समदं गाव आलं. सरपंच म्हणले, "आपुन मागतोय तो नवा जिल्हा होईल तवा होईल, गावाचं नाव तर झालं! केरबा, वाजव हलगी!"

मी वाजवाया लागलो. पोरगी खाली मान घालून उतरली.

"काय गं माय, जिंकलीस की!"

"न खेळताच, केरबामामा. समोरची टीम आलीच न्हाई. त्यांच्या देशात फौजेनं सरकार पाडलं."

"मंग पुढच्या साली येतील."

"जरीना न्हाई येणार. त्यांची गोलकीपर." पंचशीलानं पिशवीतून जुने हातमोजे काढले. "मागच्या साली हे तिनंच दिलते मला. मोर्च्यात गोळी लागली तिला."

माझा हात थांबला.

सरपंच वरडले, "आरं वाजव की!"

वाजवली. पयल्या थापेलाच बायकांनी तोंडाला पदर लावला, गड्यांनी टोप्या काढल्या. मयतीचा ठेका आमच्याकडं कुणाला सांगावा लागत न्हाई. मंग ते हातमोजे पुढं अन् समदं गाव मागं, असं वेशीपर्यंत चाललो.