दुसऱ्यांदा काढलेलं रक्त

डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि हसून म्हणाले, लॅबवाल्यांनी नळ्यांची अदलाबदल केलेली दिसते.

टपालवालीने दोन्ही कागदांवरची नावं पुन्हा वाचली. बाजूच्या खुर्चीत तिचा नवरा मावत नव्हता. दिवसभर लोकांना गाडी शिकवत बसून त्याचं पोट पार सुटलं होतं. ती मात्र काडीसारखी. सायकलवरून टपाल वाटत रोज अर्धं गाव पालथं घालायची. पण वाईट कोलेस्टेरॉल त्याचं शंभराच्या आत होतं आणि तिचं एकशे अठ्ठ्याण्णव.

रक्त पुन्हा काढलं. आठवड्याने आकडा आला दोनशे एक.

या खेपेला डॉक्टर हसले नाहीत, पण बधलेही नाहीत. बायकांचं असं वरखाली होतं, काळजीचं कारण नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "यांच्या भाजीत तेल जरा कमी घालत जा."

तिची कानशिलं तापली. आई बावन्नाव्या वर्षी गेली. छातीत दुखतंय म्हणून दोनदा दवाखान्यात गेली आणि दोन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या घेऊन परत आली. ताईही हार्ट अटॅकनेच गेली, एकोणपन्नासाव्या वर्षी. तीही अशीच सडपातळ. हे सगळं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा डॉक्टर नवऱ्याचं ब्लडप्रेशर बघत होते.

"आईचं आणि ताईचं मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "कुठे लिहिलंय ते दाखवा."

डॉक्टरांनी तिचा केसपेपर पुढून पाहिला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"मी बारीक आहे म्हणून आधी रिपोर्ट खोटा ठरवलात. पुन्हा तोच आला, तर आता मलाच खोटं पाडताय. आईला तिसरी खेप घालता आली नाही, डॉक्टर."

नवरा काहीतरी सावरून घ्यायला पुढे सरकला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मागे टेकला.

डॉक्टरांनी पेन उचललं. रोज एक गोळी, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, असं पुटपुटत लिहिलं, सही केली आणि सवयीने तिची चिठ्ठी नवऱ्यापुढे धरली.

नवऱ्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारले.