लेन्सच्या थोडं वर

काळूरामने जाळ्यात फिरणारी सुई थांबवली आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याकडे बघितलं. उत्तमराव पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यात मान घालून उभे होते. जुना, दोन भिंगांचा कॅमेरा. चित्र दिसायचं ते वरच्या काचेत, त्यामुळे फोटो काढताना त्यांना खालीच बघावं लागे.

"ओ सायेब, मी हितं हाय," काळूराम म्हणाला. "त्या डब्यान न्हाय."

उत्तमराव हसले. मान वर न करताच हसले. खट्.

चौक गावच्या किनाऱ्यावर शनिवारचं ऊन होतं. बांबूंवर बोंबील वाळत होते. उत्तमरावांची मुलगी स्वप्नाली खांद्याला पर्स लावून बाजूला उभी होती. तिचा एक डोळा बसस्टॉपकडे होता, एक फोनकडे.

"रोलमध्ये एकच उरलाय. तू उभी राहा, स्वप्ना."

"आता कुठे, बाबा? अवतार बघा माझा."

"असू दे. लेन्सकडे बघ. माझ्याकडे नको."

खट्.

मग बस आली, दोघांना बसायला जागाही मिळाली. भाईंदर येईपर्यंत उत्तमराव कॅमेरा मांडीवर घेऊन पेंगत होते. रविवारी सकाळी तिने चहाला हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

दीडेक महिन्याने ती भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कला कौस्तुभच्या घरी गेली. फिल्मवर फोटो काढणारे सात-आठ जण महिन्यातून एकदा तिथे जमत. एकेकाने फोटो ठेवायचा आणि त्याच्यामागची गोष्ट सांगायची. उत्तमराव त्यांच्यातले सगळ्यांत वडीलधारे. या वेळी सगळे फोटो त्यांचेच होते.

तिला खरं तर यायचं नव्हतं. 'झोपेत गेले, नशीबवान,' हे ऐकून आणि प्रत्येकापुढे मान डोलावून ती दमली होती. पण कौस्तुभने तो शेवटचा रोल स्वतः धुतला होता. नाही म्हणायलाही त्राण लागतं. तिने येताना घरातले काही जुने फोटो पिशवीत टाकून आणले होते.

"ताई, आज गोष्ट तुम्ही सांगायची," कौस्तुभ म्हणाला. त्याने टेबलावर चौकोनी फोटो ओळीने मांडले. फ्रॉकमधली स्वप्नाली. दोन वेण्यांची. पदवीच्या झग्यातली. मुंडावळ्या बांधलेली. शेवटी बोंबलांसमोर पर्स घेऊन उभी असलेली.

स्वप्नालीने ओळीवरून नजर फिरवली. फोटोंमागे काही घडलंच नव्हतं. ती उभी राहिली होती आणि बाबांनी फोटो काढला होता, एवढंच.

अनुष्का त्या गटातली सगळ्यांत लहान. ती टेबलावर वाकली होती.

"सॉरी हां ताई, पण तुम्ही एकाही फोटोत लेन्सकडे बघत नाहीये. थोडं वर बघताय. काका सांगायचे नाहीत?"

"दर वेळी सांगायचे."

"मग बघताय कुठे?"

"त्यांच्या टकलाकडे."

सगळे हसले. कौस्तुभला तर ठसकाच लागला. स्वप्नालीही थोडी हसली. मग तिने फ्रॉकमधल्या फोटोवर बोट ठेवलं.

"इथे नव्हतं टक्कल. दाट केस होते, तेल लावून चापून बसवलेले. तेलाचा वास यायचा मला." बोट पुढे सरकलं. "इथे भांग रुंद झाला होता. इथे मेंदी लावायचे, कानावर डाग राहिला होता. " बोट मुंडावळ्यांवर आलं. "लग्नात भटजी खोळंबले होते, तरी बाबांचं आपलं खाली बघून फोकस चालूच. टाळूवर अक्षता पडलेल्या होत्या. ते त्यांना कुणी सांगितलंच नाही."

"आणि हा?" अनुष्काने शेवटच्या फोटोकडे बोट केलं.

"ह्यात ऊन लागून लाल झालं होतं. मी टोपी आणायला विसरले होते."

शेजारी काळूरामचा फोटो होता. हातात सुई, तोंड उघडं, काहीतरी बोलताना टिपलेला. त्याचीही नजर लेन्सच्या थोडी वर होती.

कौस्तुभ आत जाऊन कॅमेरा घेऊन आला. "साफ करून ठेवलाय, ताई. आता तुमच्याकडेच राहू दे." त्याने तो तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि वरचं झाकण उघडलं. चहा आला. लोक कप घेऊन खिडकीपाशी गेले, दुसऱ्या कसल्या तरी गप्पा सुरू झाल्या.

दोन्ही भिंगं तिच्याकडे रोखलेली होती. काचेत ती दिसत असणार, लहान, डावी-उजवी उलट. काचेत बघायला पलीकडे कुणी नव्हतं. स्वप्नालीने या खेपेला नीट लेन्सकडे बघितलं. फार वेळ नाही जमलं. नजर सवयीने थोडी वर गेली. तिथे भिंत होती, पंख्याचं बटण होतं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. खिडकीपाशी कुणाचा तरी कप हातातच थांबला.

"बाबा, वर बघा ना. मी इथे आहे."