फोटोतले कान

नौदलाच्या संग्रहालयात जुन्या फोटोंतली माणसं ओळखणाऱ्या निवृत्त कप्तानांचा खाक्याच वेगळा. "चेहरा दगा देतो, ताई. आपण कान बघायचे. त्यांची घडण मरेपर्यंत बदलत नाही."

तिने फॉर्म भरून बाबांचा गणवेशातला तरुणपणीचा फोटो पुढे सरकवला. मागे त्यांचं नाव होतं. शेजारी मोबाईलवर त्यांचा कालचा फोटो ठेवला. बाबांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला हा फोटो इथल्या भिंतीवर लागावा, एवढीच तिची हौस. बाबांना तिने पत्ताच लागू दिला नव्हता.

कप्तानांनी दोन्ही फोटोंवरून भिंग फिरवलं, एक जुनी यादी काढली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"नाव बरोबर आहे. फोटोही त्याच खलाशाचा. पण तो जहाजाबरोबर बुडाला. मोबाईलमधले हे कान त्याचे नाहीत."

तेवढ्यात बाबांचा फोन. "हॉलच्या भिंतीवरचा माझा फोटो कुठे गेला गं?"

कप्तान काय म्हणाले ते तिने कसंबसं सांगितलं.

मग बाबांनी हलक्या आवाजात विचारलं, "तिथे आपल्या घरचा पत्ता लिहून दिलास का?"