उन्हातली रांग

नाबोराने चुन्याची बादली उचलली आणि नवऱ्याची जागा भर उन्हात आखली.

बास्केटबॉलच्या मैदानावर दहा वाजता सभा बसायची होती. गावाच्या पोलिसांचा नवा कमांडर निवडायचा होता. इथे पेटी नाही, चिठ्ठी नाही. उमेदवारांनी तीन जागी उभं राहायचं, ज्याला जो हवा त्याच्या मागे त्याने रांग धरायची आणि मोजणी संपेपर्यंत हलायचं नाही. काम वर्षभराचं, पगार शून्य. सभेत एकदा नाव सुचवलं गेलं, की "नको" म्हणायची सोय नाही. आधीचा कमांडर तीन आठवड्यांपूर्वी घळीत मरून पडलेला सापडला होता. त्याची टोपी मात्र कोणीतरी आणून त्याच्याच दाराला अडकवली होती.

काल नवऱ्याचं, मकारियोचं, नाव पुढे आलं, तेव्हापासून नाबोराचा डोळा लागला नव्हता. रेषा आखायची पाळी यंदा तिची होती, हे तिला देवच पावल्यासारखं वाटलं. मैदानाच्या पार टोकाला, नळाच्या चिखलापलीकडे, तिने मकारियोसाठी गोल काढला. तासभर तिथे उभं राहायला म्हातारी माणसं कशाला जातील? पत्र्याच्या छपराखालची गार सावली तिने दुसऱ्या उमेदवाराला, सेलेरिनोला दिली. तिसरा उमेदवार पक्का दारूडा. तो कुठेही उभा राहिला असता तरी त्याच्या मागे त्याचे दोस्तच येणार होते.

एवढ्यावर ती थांबली नव्हती. पहाटेच ती भावांच्या घरी जाऊन आली होती.

"मकारियोच्या मागे उभं राहू नका," तिने सांगितलं होतं.

"लाज नाही वाटत?" थोरल्याने विचारलं.

"वाटते. तरी उभं राहू नका."

बादली रिकामी करत होती तोच सेलेरिनोची बायको ओतिलिया आली. तिच्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी नाबोरानेच हातावर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. आता ओतिलियाला सहावा महिना होता आणि पाय सुजले होते.

"कोमाद्रे, आम्हाला सावली दिलीत," ओतिलिया म्हणाली. "माझे पाय बघूनच ना?"

"हो," नाबोरा म्हणाली.

"आमचा माणूस हसतोय. म्हणतो, मला कोण विचारतंय. पण मला भीती वाटते हो."

"सगळ्यांनाच वाटते, कोमाद्रे." तिच्याकडे बघायचा धीर मात्र नाबोराला झाला नाही.

दहा वाजता सभेचे वडीलधारे फिदेन्सियोबाबा भोंग्यावर म्हणाले, "चला, धरा रांगा. आणि गोंधळ नको, लग्नाची पंगत नाही ही."

कोणी हसायच्या आत वरच्या रस्त्यावर काळ्या काचांची गाडी आली. सावकाश आली आणि वळणावर थांबली. इंजिन चालूच होतं. अख्ख्या मैदानाने माना खाली घातल्या. आता कोण कोणाच्या मागे उभं राहतं, ते तिथूनही दिसणार होतं. मग लोक छपराखाली घुसले, मेंढरं आडोशाला घुसतात तसे. नाबोराही गेली, सेलेरिनोच्या रांगेत. तिच्या मागोमाग भाऊ, भावजया, भाचरं, असे चौदा जण आले.

कुजबुज झाली. पलीकडे मकारियोने पाहिलं. आधी त्याला खरं वाटेना. मग तो स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. त्याच्या मागे दोन चुलते आणि त्याची आई.

"माझी सून कुठाय?" म्हातारी मोठ्याने विचारत होती.

नाबोराचे कान तापले. राहू दे राग, तिने मनाला बजावलं. रुसलेला नवरा घरात तरी असतो.

मोजणी झाली. दारूड्याला अकरा, मकारियोला तीन, सेलेरिनोला एकशे बासष्ट. कालपासून अडकलेला श्वास नाबोराने सोडला.

फिदेन्सियोबाबांनी सेलेरिनोच्या हातात कमांडरची काठी दिली. "आता जोडीदार सांग. रानात, रस्त्यावर तुझ्यासोबत कोण?"

जोडीदाराला मतं लागत नाहीत. कमांडर ज्याचं नाव घेईल तो बांधला गेला. आजवर प्रत्येकाने आपला भाऊच घेतला होता. सेलेरिनोचे दोन्ही भाऊ समोरच होते आणि दोघेही जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखे बघत होते. सेलेरिनोचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याची नजर रांगेवरून फिरत फिरत नाबोरावर येऊन थांबली.

"या बाईनं सख्खा नवरा सोडून मला निवडलं," तो म्हणाला. "नुसती आली नाही, चौदा माणसं घेऊन आली. ज्या घरात नवऱ्याच्या मानापेक्षा गाव मोठं, त्या घरचा माणूस माझ्या पाठीशी असला तर मला भीती नाही. मकारियो, या इकडे."

टाळ्या वाजल्या. ज्यांची नावं निघाली नव्हती, त्यांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या. नाबोरा "नको" म्हणाली, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

मकारियो चिखल तुडवत आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे तू यासाठी..." तो तिच्या कानाशी म्हणाला. "आणि मला वाटलं, तू मला टाकलंस."

नाबोराने त्याची बाही धरली. फिदेन्सियोबाबा जोडीदाराची बंदूक घेऊन वाट बघत उभे राहिले. शेवटी त्यांनी बंदूक बगलेत धरली आणि बाहीवरची नाबोराची बोटं एकेक करून सोडवली.