लंचपुरती बंद

“अवधूत, पत्ता मी बरोबरच टाइप केला होता रे,” अकाउंट्समधल्या नीनाताई पुन्हा म्हणाल्या. नेटवर्क सांभाळणाऱ्या अवधूतला ते ठाऊक होतं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरातल्या त्यांच्या ऑफिसात, कुठली साइट कुठे सापडते हे सांगणाऱ्या सर्व्हरमध्येच कुणीतरी खोटं उत्तर घुसवलं होतं. नाव खरं, उघडलेलं पान नकली. ताईंचा पासवर्ड गेला. खोटी उत्तरं डिजिटल सही तपासून अडवणारी सोय त्याने पूर्वीच भांडून सुरू करवली होती. पहिल्याच दिवशी सँडविचवाल्यांच्या साइटची सही मुदतबाह्य निघाली आणि ऑफिसच्या लंचची ऑर्डर अडली. “लंचपुरती बंद कर,” मॅनेजर जेरेमी म्हणाला. तेव्हापासून ती बंदच. अवधूतच्या प्रत्येक मेलवर उत्तर, “नेक्स्ट वीक.” आज ताईंच्या चौकशीला जेरेमीने सँडविचेस मागवली. “खाऊन घ्या. मग नीना कुठे चुकली बघू.” अवधूतने सँडविच उचलून जेरेमीच्या पुढ्यात ठेवलं. “इथे,” तो म्हणाला.