लाख लावलेली बाटली

गफार औषध घेऊन गल्लीत शिरला आणि घराच्या दारात बायकांची गर्दी बघून थबकला. अब्बा गेले की काय? पण प्रत्येकीच्या डोक्यावर पदर होता आणि हातात वाटी. मेलेल्या माणसाच्या दारात वाटी घेऊन कोण येतं?

"थेंबभर दे रे," शेजारच्या मदिनाबीनं त्याचा हात धरला. "सुनंच्या डोळ्याला लावायचंय. मक्केचं जमजम पानी आनलंस, नशीबवान हायस."

गफारला आधी काही उमगेना, आणि उमगलं तेव्हा तो धावतच आत गेला. त्याची ट्रंक उघडी होती. टॉवेलात गुंडाळून ठेवलेली बाटली कुलसुमबीच्या, त्याच्या आईच्या हातात होती आणि बुचावरची लाख तिनं चाकूनं खरवडून काढली होती. पोरगा जहाजावर असतो, जहाजं हाजींना मक्केला नेतात, आणि तिकडून येताना असं जपून बंद केलेलं पाणी येतं. मुरूम गावात कुणीही हाच अर्थ लावला असता. नवऱ्याची छाती घरघरायला लागल्यापासून ती दुवा मागताना या पाण्याशिवाय दुसरं काही मागतच नव्हती.

गफारचं जहाज मक्केला जात नव्हतं. ते कोचीनहून निघून भर समुद्रात उभं राही आणि समुद्राचं मोजमाप घेई. किती खोल, किती थंड, किती खारट. तपासून उरलेलं हे खोलातलं पाणी त्यानं अब्बांना दाखवायला साहेबांकडून मागून घेतलं होतं. जन्मभर विहिरी खोदणाऱ्या वजीरनं, त्याच्या अब्बांनी, "दर्यात काय खणनार तू?" एवढंच विचारून पोराशी बोलणं टाकलं होतं. या खेपेला तरी ते बोलतील म्हणून गफार आला, आणि आल्यापासून नुसता खाटेभोवती येरझाऱ्या घालत होता. अब्बांचं तोंड भिंतीकडं.

"अम्मा, थांब. ते पानी..."

"आदी टोपी घाल डोक्यावर," ती म्हणाली. वजीरला तिनं उठवून पश्चिमेला, मक्केकडं तोंड करून बसवलं होतं. आईला इतकं सुखात गफारनं कधी पाहिलं नव्हतं. सांगावं तर तिचा जीव तुटणार. न सांगावं तर आजारी बापाच्या तोंडात समुद्राचं पाणी, तेही मक्केच्या नावानं. तो पुढं सरकला. तेवढ्यात चमचा वजीरच्या ओठाला लागला.

वजीरनं घोट जिभेवर धरला. नव्या विहिरीला झरा लागला की पहिलं पाणी तो असंच धरायचा, डोळे मिटून, काठावरची माणसं खोळंबलेली असताना. मग त्यानं तो गिळला. तोंड वाकडं झालं. डोळे उघडले ते सरळ गफारवर.

"कसं हाय?" कुलसुमबीनं विचारलं.

"ब्येस हाय. पन वाटू नको कुनाला. माज्या पोरानं माज्यासाठी आनलंय."

ती बायकांची समजूत काढायला बाहेर गेली. वजीर विहिरीची खोली 'परस' या मापानं मोजायचा. एक परस म्हणजे एक उभा माणूस.

"किती परस खालचं?" त्यानं हळूच विचारलं.

गफार खाटेजवळ बसला. "पाचशेच्या वर, अब्बा."

"आन् तळ?"

"तळ अजून लई खाली."

वजीर श्वास ओढत राहिला. "वर काडताना दुसरं पानी मिसळत न्हाय त्यात?"

"न्हाय. जहाजावर पितळी बाटली असती, ती उघडीच सोडायची, तारंला बांधून. मग वरनं तारंवरनंच एक वजन सोडायचं. ते जाऊन आदळलं की बाटली उलटी होती, तोंड मिटतं."

बाहेर मदिनाबीचा आवाज चढला होता. वजीरनं गोधडीतून हात काढला. पंजा बाटलीगत उघडा ठेवून तो खाली खाली नेला, खाटेच्या कडेच्याही खाली, आणि तिथं धरला.

"हं," तो म्हणाला. "सोड वजन."