काचेचे डोळे

"ती रडत नाहीये," ताई म्हणाली. "दिवे बंद करा म्हणतेय."

ताईला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे तिची कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत जायची. मागच्या लोकांनी शुकशुक केलं. पडद्याखाली बसलेला व्हायोलिनवाला काळीज पिळवटणारं काहीतरी वाजवत होता आणि सगळं थिएटर डोळे पुसत होतं. पडद्यावर नटी जळत्या घराच्या दारात उभी होती. तिचे डोळे ताणलेले होते, ओठ थरथरत होते. ताईच्या शेजारी बसलेला तिचा धाकटा भाऊ मात्र गार पडला.

हा भाऊ वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहायचा. वाचक त्याला विंचू म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. विंचवाची नांगी म्हणजे ताई, हे कोणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचायची. मूकपटात नटमंडळी तोंडाला येईल ते बोलत, कारण ऐकणार कोण? प्राण सोडता सोडता नायक चहा सांगितलाय का विचारायचा. नायिकेला मिठीत घेऊन तिच्या कांद्याच्या वासाबद्दल कुरकुरायचा. ताई हसत हसत सांगायची आणि विंचू ते छापायचा. जिथे ताईला काही सापडत नसे तिथे तो स्वतःच्या पदरची भर घालायचा. याच नटीला त्याने मागे 'काचेच्या डोळ्यांची बाहुली' म्हटलं होतं, आणि लोक महिनाभर हसले होते.

हा सिनेमा लागला तेव्हा ताई आजारी होती. विंचू एकटाच गेला, एकटाच भारावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाचं तरी तोंडभर कौतुक केलं. 'हे डोळे आपल्याला न दिसणारं काहीतरी पाहत आहेत,' असं त्याने लिहिलं. वाक्य त्याला इतकं आवडलं की ताईच्या उशाशी बसून त्याने ते तिला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. कंपनीने ते फलकावर हातभर अक्षरांत रंगवलं. विंचवाने चांगलं म्हटलंय म्हटल्यावर सगळं शहर लोटलं. ताई बरी झाल्यावर आज तोही तिला घेऊन पुन्हा आला होता.

"आणखी काय म्हणतेय?" त्याने ताईकडे तोंड वळवून विचारलं.

"मला दिसत नाहीये, म्हणतेय. सारखं तेच."

सकाळी तो संपादकांकडे गेला. चूक झाली, तसं छापा, म्हणाला. संपादकांनी साक्षीदार कोण ते विचारलं. बहिरी बहीण, हे उत्तर ऐकून त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. मग त्यांनी समजुतीने सांगितलं की टीका मागे घेता येते, कौतुक मागे घेतलं तर लोक म्हणतात, नटीशी बिनसलं वाटतं. तेव्हा विंचवाने ताईला बरोबर घेतलं आणि थेट स्टुडिओ गाठला.

तिथे नव्या सिनेमाचं काम चालू होतं. दिग्दर्शकाने त्याला मिठीच मारली. तुमच्या वाक्यावरच हा सिनेमा उभा राहिलाय, असं तो म्हणाला. या वेळी नटी शेवटी नुसती पाहत राहणार होती, आणि डोळे तसेच चमकावेत म्हणून कोळशाच्या कांड्यांचे ते प्रखर दिवे आणखी जवळ आणले होते. दिवे मागे घ्या, तिचे डोळे जातील, असं विंचू काकुळतीला येऊन सांगू लागला. उजेड कमी पडला तर उद्या तुम्हीच आम्हाला झोडपाल, म्हणत दिग्दर्शकाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो निघून गेला.

नटी कोपऱ्यात डोळ्यांवर ओली फडकी ठेवून बसली होती. शेजारी तिची आई होती. कोण आलंय ते आईने सांगताच नटी धडपडत उठली आणि विंचवाच्या थोडं डावीकडे बघून हसली. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याने सावल्या दिसत होत्या. तेवढा तरी वाचवा, नाही म्हणा, असं विंचवाने तिला परोपरीने विनवलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काचेचे डोळे तुम्हीच लिहिलं होतंत ना?" ती म्हणाली. "म्हणून त्या जळत्या घराच्या वेळी डोळ्यांची इतकी आग होत असूनही मी दिव्यांवरची नजर काढली नाही. आता तुमचं ते दुसरं वाक्य आई मला रोज वाचून दाखवते. माझ्याबद्दल चांगलं असं तेवढंच लिहिलंय कोणी. ते मागे घेऊ नका."

 

तिला हाक आली. आई तिला हाताला धरून खुणेच्या जागी ठेवून आली. दिवे फसफसत पेटले. कॅमेऱ्याचं हँडल फिरू लागलं, एकाने व्हायोलिन छेडलं, दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडू लागला. नटीने डोळे उघडून सरळ दिव्यांकडे पाहिलं. मग तिचे ओठ हलू लागले. त्या गोंगाटात विंचवाला काही ऐकू येईना. दिव्यांचा खटका त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होता. त्याने मनाशी ठरवलं, तिने एकदा जरी 'बंद करा' म्हटलं तरी खटका ओढायचा, मग काय व्हायचं ते होवो. त्याने ताईचा दंड घट्ट धरून तिला आपल्याकडे वळवलं.

"बंद करा म्हणतेय ना?"

ताईने मान पुढे काढून ते ओठ पुन्हा वाचले.

"नाही रे," ती म्हणाली. "तुझं वाक्य म्हणतेय."